कोपरात उरलेले चेंडू

सुमेध तायडेला हंगामातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मी नागपूरच्या त्या थंडगार सभागृहात तिसऱ्या रांगेत बसून खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं सोलत होतो. मला एका जागी बसवत नाही. आणि धंदा नेमका बसण्याचा. बेसबॉलमध्ये पिचर साठ फुटांवरून चेंडू फेकतो, बॅटर तो मारायला बघतो, आणि बॅटरच्या मागं जाळीचा मुखवटा घालून उकिडवा बसलेला जो माणूस तो चेंडू झेलतो, तो कॅचर. तो मी. भूषण गावंडे, वय चौतीस, गुडघे पंचावन्नचे.

सुमेधनं चषक उजव्या हातात घेतला आणि डावा हात वर केला. त्या डाव्या हातानं त्यानं वर्षभरात दोनशे अकरा बॅटर बाद केले होते.

“हात माझा आहे,” तो माइकवर म्हणाला, “पण कोणता चेंडू टाकायचा ते भाऊ ठरवतात. भाऊंनी मागितलं, मी टाकलं. एवढंच.”

टाळ्या झाल्या, कॅमेरा माझ्याकडे वळला, मी दात दाखवले. शेजारी सुमेधचे वडील, तायडे सर, बसले होते. अमरावतीच्या शाळेत त्यांनीच आम्हा दोघांना हा खेळ शिकवला, सात वर्षांच्या अंतरानं. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप नको होती. सुमेध जे म्हणाला ते शब्दशः खरं होतं, आणि त्यामुळंच तो आता पुरस्कार घेऊन घरी बसायच्या बेतात होता.

हे समजायला आधी शेष म्हणजे काय ते कळायला हवं.

कोपराच्या आतल्या अंगाला एक अस्थिबंध असतो. तंतूंचा पट्टा, लांबी फार तर अडीच सेंटीमीटर. पिचर पूर्ण जोरानं चेंडू फेकतो तेव्हा हा पट्टा जवळजवळ तुटेल इतका ताणला जातो. तुटत नाही, कारण आजूबाजूचे स्नायू थोडा भार उचलतात. पण दर फेकीला त्यातले काही सूक्ष्म तंतू जातात, आणि तिथं रक्तपुरवठा इतका बेताचा, की शरीर त्यांची डागडुजी रडतखडत करतं. डॉक्टरांना हे फार वर्षांपासून ठाऊक होतं. कोणाचं कोपर नेमकं कधी जाईल, एवढंच ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तेही कळायला लागलं. यंत्र दिसायला साधं आहे. दोन्ही कोपरांना पट्टे बांधायचे आणि त्यातून बारीक ध्वनिलहरी सोडायच्या. शाबूत ऊतीतून लहर भराभर जाते, झिजून सैल झालेल्या ऊतीतून रेंगाळते. तिच्या वेगावरून आतल्या तंतूंचा नकाशा तयार होतो. मग हजारो पिचरांच्या हातांची, अगदी ते निकामी होईपर्यंतची माहिती शिकवलेलं एक संगणकी प्रारूप सांगतं, की या कोपरात पूर्ण जोराचे अजून किती चेंडू उरलेत. माणसागणिक ऊती वेगळ्या असतात, म्हणून तुलनेला त्याच माणसाचा दुसरा, न फेकणारा हात घेतात. दोन्ही कोपरं मोजायची ती एवढ्यासाठी. जो आकडा येतो तो शेष. चूक झाली तर शंभरात पाचाची.

आकडा खेळाडूच्या मालकीचा. दाखवायचा की नाही ही त्याची मर्जी, असं नियमात आहे. पण न दाखवणाऱ्याचा कमीच असणार, असं सगळे संघ धरून चालले, आणि दोन वर्षांत जो तो आकडा दाखवत फिरायला लागला. नोव्हेंबर ते जानेवारी खेळ बंद असतो, करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि संघ त्यांना उचलतात. पूर्वी या महिन्यांत लोक कोण कसा खेळला यावर तावातावानं भांडायचे. आता एकच विचारतात, शेष किती?

खेळही बदलला. हरत आलेल्या सामन्यात पिचर हात राखून टाकायला लागले. सरावात कोणी जोर लावेना. अकोल्याचा एक पिचर घरातली पाल हाकलायलाही हात उचलत नाही, असं त्याची बायको सांगायची. आणि सुमेध सहा वर्षांचा असल्यापासून तो आणि सर रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर एकमेकांकडे चेंडू टाकायचे, ते बंद पडलं. सर म्हणायचे, हळू टाक, हळू टाकला तर काही होत नाही. पण सुमेधला हळू टाकता टाकता जोर लागायची भीती वाटे. मग दोघं मैदानाच्या कडेच्या बाकावर बसून राहायचे. चेंडू नसला की त्या बापलेकांना बोलायला फारसं काही नसे.

आता माझं. ऑगस्टमध्ये आमच्या अमरावती क्लबच्या डॉक्टरांनी सुमेधचा शेष मोजला तेव्हा तो पंधराशे होता. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून पिचरला खूण करतो. एक बोट म्हणजे पूर्ण जोर. दोन म्हणजे वळणारा, मंद, कोपराला हलका. तिथून अंतिम सामन्यापर्यंत मी एक बोट दाखवत राहिलो. माझाही करार संपत होता आणि मला जिंकून संपवायचा होता. आम्ही जिंकलो. सुमेधनं साडेआठशेच्या वर जोराचे चेंडू टाकले होते. क्लबनं वजाबाकी केली, साधारण साडेसहाशे उरले असं धरलं, आणि अभिनंदन करून आम्हा दोघांनाही मोकळं केलं.

पुरस्कारानंतरच्या सोमवारी सुमेध नागपूरच्याच मापन केंद्रात जाऊन आला. मोकळ्या खेळाडूला संघाच्या डॉक्टरकडून नाही, तटस्थ केंद्रातूनच दाखला आणावा लागतो. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“भाऊ, बसून आहे काय?”

“मी कधी बसतो का?”

“मंग बस. सात हजार एकशे चाळीस.”

मला वाटलं, तो कोणाचा तरी फोन नंबर सांगतोय.

पुढचे चार दिवस विचारू नका. दाखल्यावर यंत्रानं स्वतःच ‘असामान्य’ असा शेरा मारला होता, कारण फेकणारं कोपर न फेकणाऱ्यापेक्षा धडधाकट निघालं होतं. असामान्य म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं कोणाच्या मनात आलं नाही. असामान्य म्हणजे थोर, असंच सगळ्यांनी वाचलं. तज्ज्ञ पडद्यावर येऊन आपोआप दुरुस्त होणाऱ्या ऊतींविषयी बोलले. एका वाहिनीनं सरांना विचारलं, लहानपणी त्याला काय खायला घालायचात? सर म्हणाले, तुरीचं वरण. दुसऱ्या दिवशी त्यावरही चर्चा झाली. मी नावं ठेवतो, पण मीही विश्वास ठेवलाच की. साडेआठशे वेळा दाखवलेलं एक बोट माझ्या मनावर होतं, ते ओझं उतरलं. ज्याला जो आकडा हवा होता तो मिळाला होता.

नाशिकच्या ‘गोदा गरुड’ संघातून मृणाल सबनीस यांचा फोन आला. खेळाडू निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. तीन वर्षांचा करार, गुरुवार ते शनिवार मैदानावर चाचणी, रविवारी सह्या. सुमेधनं एकच अट घातली, की कॅचर भाऊच हवेत. मला तोवर एकाही संघाचा फोन आला नव्हता. बायको म्हणायची, सारखा काय बघतोस त्या फोनकडे, त्यालाही अवघडल्यासारखं होत असेल. तर सुमेधच्या एका वाक्यानं मला तीन वर्षं मिळत होती. पुढं काय करायचं, हा प्रश्न तीन वर्षं लांब गेला होता.

त्या आठवड्यात मी एकदा संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गेलो. बाक रिकामा होता. सर जुना, शिवण उसवलेला ग्लोव्ह घालून उभे होते आणि सुमेध त्यांच्याकडे चेंडू टाकत होता. फार जोरानं नाही, पण न घाबरता. दोन वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. सरांची बडबड अखंड चालू होती. खांदा पाड, बोटं वर, असा कायले वाकतो बे. सर्वोत्तम पिचर ‘हो बाबा, हो बाबा’ करत होता. मला फार बरं वाटलं. मी हाक न मारताच परत आलो.

नाशिकला जायच्या आधी माझाही दाखला लागणार होता. कॅचरलाही फेकावं लागतं, इतकं कोणी बघत नाही, पण कागद हवा. म्हणून पुढच्या आठवड्यात बुधवारी सकाळी मी नागपूरच्या त्याच केंद्रात गेलो. तिथं केळापुरे मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवून तोच शोधणाऱ्या. त्यांनी मला फॉर्म दिला.

“इथंच बसले होते तायडे,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “याच खुर्चीत. एवढे मोठे झाले, पण फॉर्म स्वतः भरला हो. काय अक्षर आहे. मी मुलीला दाखवणार होते, पण नियमात बसत नाही.”

सुमेधचं अक्षर सुंदरच आहे. मी नाव, वय, उंची लिहीत खाली आलो. चौथ्या ओळीवर विचारलं होतं, ‘नेहमीचा हात: उजवा / डावा’. मी उजव्यावर खूण केली आणि पेन तिथंच थांबलं.

सुमेध जन्माचा डावखुरा. त्याच्या आईनं डाव्या हातानं जेवू दिलं नाही, प्रसाद घेऊ दिला नाही. सरांनी पाटीवर डाव्या हातानं लिहू दिलं नाही. आमच्याकडे डावखुऱ्या पोरांचं जे घराघरात होतं तेच त्याचं झालं. तो उजव्या हातानं जेवतो, लिहितो, सही करतो, पैसे देतो, नमस्कारालाही उजवा पुढं करतो. फक्त चेंडू डाव्या हातानं फेकतो. शाळेच्या दाखल्यापासून प्रत्येक फॉर्मवर तो ‘उजवा’ लिहीत आला आहे. विचारसुद्धा करत नाही.

“मॅडम,” मी विचारलं, “नेहमीचा हात म्हणजे लिहायचा की फेकायचा?”

“एकच ना?” त्या म्हणाल्या.

आमच्या क्लबचे डॉक्टर सुमेधला लहानपणापासून ओळखत होते, डाव्यावर तेच खूण करायचे. इथं यंत्रानं दोन्ही कोपरं मोजली आणि फॉर्मवर जे होतं ते प्रमाण धरलं. सुमेधनं आपला दाखला ओळखीच्या यच्चयावत माणसांना पाठवला होता, मलाही. मी फोनवर दुसरं पान उघडलं. ते कोणी वाचत नाही. तळाला बारीक अक्षरांत होतं: फेकीचं कोपर उजवं, तुलनेचं डावं. पुढं दोन मापं.

मी ती दोन मापं एका चिठ्ठीवर उतरवली आणि मॅडमना म्हणालो, सहज विचारतो, असं फेकीचं कोपर आणि असं तुलनेचं असेल तर शेष किती येईल? अर्थातच मी मापं उलटी दिली होती. त्यांनी आकडे टाकले.

“सहाशे चाळीस,” त्या म्हणाल्या. “कोणाचं आहे हे? त्यांना म्हणावं, भाजीची पिशवीसुद्धा दुसऱ्या हातात घ्या.”

वजाबाकी बरोबर होती. क्लबनं साडेसहाशे म्हटलं होतं. चमत्कार बिमत्कार काही नव्हता, मी खर्च केलेलं कोपर जिथं असायला हवं तिथंच होतं.

दुपारच्या विमानात मी तीनदा उठून मागच्या टोकापर्यंत चालून आलो. हवाई सुंदरीनं तिसऱ्यांदा विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, गुडघे. नाशिकला उतरल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं. उतरल्यावर पाहिलं तर सुमेध आणि सर अमरावतीहून गाडीनं येऊन पोचले होते, हॉटेलच्या ओसरीत सुमेध सरांना नव्या संघाची टोपी घालून बघत होता, आणि सरांना ती मोठी होत होती. मग ठरवलं, जेवताना सांगू. जेवताना सबनीसबाई आल्या. मग सकाळी. रविवारपर्यंत बराच वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आपलीच समजूत काढायची म्हटलं की माणसाला शब्द कमी पडत नाहीत.

गुरुवारी चाचणी सुरू झाली. जाळीच्या मागं सबनीसबाई, दोन प्रशिक्षक आणि खुर्ची टाकून सर. मी खाली बसलो आणि दोन बोटं दाखवली. सुमेधनं मान हलवली. मी पुन्हा दोन दाखवली. तो माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, हसून ओरडला, “भाऊ, लाजून काय राह्यला? आता कंजुषी कायची?” सबनीसबाईही म्हणाल्या, गावंडे, आम्हाला वेग बघायचाय. मी एक बोट दाखवलं. त्या दिवशी त्यानं साठ टाकले. शुक्रवारी मी दोन बोटं दाखवलीच नाहीत. शुक्रवारी सत्तर झाले.

चेंडू छान येत होते, हे सांगायलाच हवं. तळहातावर असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. भीती गेली की माणूस काय टाकतो ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं. आणि दर आवाजाला माझ्या डोक्यात एक आकडा कमी होत होता. पाचशे ऐंशी. पाचशे दहा. शुक्रवारी संध्याकाळी मी गोदावरीच्या काठानं दोन तास चाललो. कधी वाटे, यंत्राचीच चूक असेल. कधी वाटे, सह्या होऊ देत, मग सांगू, एकदा करार झाला की संघाला त्याला सांभाळावंच लागेल. या दुसऱ्या विचाराची मला किळस आली, तरी तो मी सोडला नाही.

शनिवारी सकाळी मैदानावर जाताना सर माझ्या बरोबरीनं चालत होते.

“भूषण, एक सांगू काय तुले?” ते म्हणाले. “त्याची माय त्याले उजव्या हातानं जेवाले लावे. मी उजव्या हातानं लिवाले लावलं, पट्टीचे मार देल्ले त्यासाठी. आता वाईट वाटते. पण फेकाचा हात मी कोनाले बदलू देल्ला नाही. हेडमास्तर म्हनत होते, पोरगं उजव्यानं फेकन तं सोपं जाईन. मी म्हनलं, नाही. तेवढं एक काम मी आयुष्यात बरं केलं.”

मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी बांधलेलीच होती.

चाचणी सुरू झाली. बावन्नावा चेंडू माझ्या ग्लोव्हच्या वीतभर बाहेर गेला. सुमेधचा चेंडू तसा जात नाही. मी मुखवट्याच्या जाळीतून पाहिलं, तो डाव्या हाताची करंगळी झटकत होता, मुंगी चावल्यासारखी. कोपराच्या आतून जाणारी नस करंगळीत उतरते. पट्टा सैल झाला की ती आधी बोलते. हे मला कुठल्याही यंत्रानं शिकवलं नव्हतं. मी अशा तीन पिचरांना करंगळी झटकताना पाहिलं होतं आणि त्यातला एकही आता खेळत नाही.

सुमेधनं हसत दुसरा चेंडू मागितला.

मी उठलो. मुखवटा काढला आणि माउंडकडे चालायला लागलो. सामन्यात कॅचर असा पिचरकडे जातो तेव्हा दोघं तोंडापुढं ग्लोव्ह धरून बोलतात, विरुद्ध संघाला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. इथं विरुद्ध संघ नव्हता, तरी सवयीनं आम्ही दोघांनी ग्लोव्ह वर धरले.

“काय झालं?” तो म्हणाला.

“तू फॉर्मवर उजवा लिहिला, सुमेध. नेहमीचा हात उजवा. यंत्रानं तुह्या उजव्या कोपराले फेकीचं कोपर धरलं.”

तो आधी हसला. मग त्याचे डोळे हळूहळू माझ्यावर थांबले. फॉर्म आठवत असावा.

“मंग डाव्याचं किती?”

“सहाशे चाळीस होते. मोजले त्या सोमवारी.”

जाळीपलीकडून सरांनी हात हलवला, काय चाललंय अशा अर्थानं. सुमेधनं त्यांच्याकडे पाहून ग्लोव्ह हलवला, काही नाही अशा अर्थानं.

“तुले कधी समजलं?”

आत्ता, असं मी म्हणू शकत होतो. करंगळी पाहून शंका आली, असं म्हणालो असतो तर त्यानं मानलंही असतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं.

“बुधवारी,” मी म्हणालो.

त्यानं ग्लोव्ह खाली घेतला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, तो मनातल्या मनात बेरीज करत होता.

“परवा साठ,” तो म्हणाला. “काल सत्तर. आज...”

“बावन्न.”

“म्हणजे तू मोजत होता,” तो म्हणाला.

त्यानं चेंडू माझ्या हातात दिला, टाकला नाही, दिला. आणि तो जाळीकडे, सबनीसबाईंकडे चालत गेला.

सबनीसबाई भल्या निघाल्या. आरडाओरडा नाही, आरोप नाहीत. दुपारी नाशिकच्याच केंद्रात सुमेधला नेलं, या वेळी डाव्यावर खूण करून. शेष चारशे पंचावन्न आला. तीन वर्षांचा करार अर्थातच बारगळला. रविवारी त्यांनी त्याच्यापुढं दुसरा कागद ठेवला. एकच वर्ष, सामन्याच्या शेवटच्या डावात येऊन मोजके चेंडू टाकायचे, आणि उरलेल्या वेळात नव्या पिचरांना शिकवायचं.

सह्यांच्या वेळी मी खोलीत होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणालंही नाही.

“कॅचर गावंडेच हवेत, ही तुमची अट आहे,” सबनीसबाई म्हणाल्या. “एका वर्षासाठीही आम्ही ती मानू शकतो.”

“काढून टाका,” सुमेध म्हणाला.

माझ्याकडे न बघता म्हणाला, असं लिहायला बरं वाटलं असतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि तो बरोबर आहे हेही त्याच क्षणी वाटलं. पिचर डोळे मिटून ज्याच्या बोटांवर भरवसा ठेवतो तो कॅचर. मला त्यानं दुसरं काय म्हणावं?

त्याला नाशिकला थांबायचं होतं. गाडी अमरावतीला न्यायची होती आणि सर आता हायवेवर चालवत नाहीत. सुमेधनं मला हॉटेलच्या ओसरीतून बाजूला घेतलं आणि किल्ली दिली.

“बाबाले सांभाळून ने,” तो म्हणाला. “मी त्याले सांगतलं, का मैदानावर माही करंगळी पाहून तुले शक आला आन् तू चाचणी थांबवली. बुधवारचं त्याले नको सांगू.”

“सुमेध, मी...”

“तुह्यासाठी नाही सांगून राह्यलो,” तो म्हणाला. “त्याचा दोघांवर जीव आहे. एकाचा हात गेला तेवढं बस झालं त्याले.”

तो आत गेला. मी सरांची पिशवी डिकीत ठेवली.

नाशिक ते अमरावती दहा तास लागतात. मालेगावपर्यंत सर मांडीवरच्या त्या मोठ्या टोपीची कड चाचपत होते. मग बोलायला लागले. फॉर्मवर उजवा लिहायला मीच शिकवलं त्याले, म्हणाले, माह्याच पट्टीनं शिकवलं. मी म्हणालो, सर, तुमची यात काही चूक नाही. त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. धुळ्याच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. परत गाडीत बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

“तू होता म्हून, भूषण,” ते म्हणाले. “दुसरा कोनी असता तं त्यानं रविवारपर्यंत तोंड नसतं उघडलं. आपली सही झाल्यावर उघडलं असतं. तू माह्या पोराचा हात वाचवला.”

मी गाडी सुरू केली.

“हो सर,” मी म्हणालो.